मुक्या प्राण्यांचा अशक्तपणा व रक्तांतील क्षार

कुत्रा हा खाल्ल्या मिठाला जागणारा प्राणी आहे, असें आपण नेहमीं म्हणतों. या म्हणण्यांत त्याच्या इमानाची स्तुति आहे. परंतु शरीरशास्त्राच्या दृष्टीनें पाहिलें तर त्यांत आणखी एक अर्थ भरलेला आढळतो. कुत्रा असो, मांजर असो कीं मनुष्य असो, त्याच्या शरीरांतील प्रत्येक स्नायु अक्षरशः मिठाला जागत असतो. रक्तांत व पेशींत विरघळलेले सोडिअम, पोटॅशिअम, कॅल्शिअम यांसारखे क्षार योग्य प्रमाणांत आहेत तोंवर स्नायु मज्जातंतूंची आज्ञा पाळतो. तें प्रमाण बिघडलें कीं तो आज्ञा ऐकेनासा होतो, किंवा आज्ञेवांचूनच थरथरूं लागतो.

एखाद्या घरीं दहा-बारा वर्षांचें मांजर असतें. काल-परवांपर्यंत ओट्यावर आणि फडताळावर सहज उडी घेणारें तें मांजर आतां उडीपूर्वीं थबकतें, चार पावलें चाललें कीं बसतें, आणि बसलें म्हणजे त्याची मान पुढें झुकून हनुवटी छातीकडे जाते. मान उचलवत नसल्यामुळें तें नुसते डोळे वर करून पाहतें. घरांतील वडील माणसें म्हणतात, “म्हातारें झालें.” मुलें म्हणतात, “रुसलें आहे.” शेजारीण म्हणते, “कोणाची तरी नजर लागली.” या तिन्ही निदानांत प्रेम आहे, पण ज्ञान नाहीं. अशा मांजराच्या रक्तांतील पोटॅशिअम उतरलेलें असण्याचा पुष्कळ संभव असतो. हा विकार वेळींच ओळखला तर कांहीं दिवसांतच तें पुन्हां मान वर करून चालूं लागतें. न ओळखला तर हळूहळू श्वासोच्छ्वासाचे स्नायूहि थकतात, आणि रुसलें म्हणून सोडून दिलेलें मांजर एके सकाळीं उठत नाहीं.

पाळीव प्राण्यांच्या अशक्तपणाचीं कारणें अनेक आहेत. त्यांपैकीं क्षारांच्या बिघाडामुळें येणारा अशक्तपणा कसा उत्पन्न होतो, तो कसा ओळखावा, आणि घरच्या माणसांनीं काय करावें व काय करूं नये, एवढेंच या लेखांत सांगण्याचें योजिलें आहे. यांत एक गोष्ट वाचकांनीं आरंभींच ध्यानांत ठेवावी. पोटॅशिअम कमी झालें तरी प्राणी गळतो आणि जास्त झालें तरीहि गळतो. बाहेरून दिसणारें लक्षण एकच; उपाय मात्र परस्परविरुद्ध. म्हणून या विकारांत अंदाजानें औषध देणारा मनुष्य कितीहि प्रेमळ असला तरी त्याच्या हातून घातच होण्याचा संभव अधिक.

प्रथम क्षारांविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. मिठाच्या खड्यांत सोडिअमचे धन विद्युत् असलेले कण आणि क्लोरीनचे ऋण विद्युत् असलेले कण एकमेकांना चिकटून बसलेले असतात. खडा पाण्यांत टाकला म्हणजे हे कण सुटे होऊन स्वतंत्रपणें फिरूं लागतात. अशा विद्युद्भारित कणांना ‘आयन’ आणि ज्यांच्या द्रावणांतून असे कण वीज वाहून नेतात त्या पदार्थांना ‘इलेक्ट्रोलाइट’ हीं नांवें इंग्रज शास्त्रज्ञ मायकेल फॅरडे यानें १८३४ सालीं प्रचारांत आणलीं. पुढें १८८४ सालीं स्वांटे आऱ्हेनिअस या स्वीडिश तरुणानें या विषयावर आपला प्रबंध लिहिला. त्याच्या परीक्षकांना त्यांतील कल्पना फारशा पटल्या नाहींत. परंतु क्षार पाण्यांत विरघळतांच आपोआप आयनांत विभागले जातात, हा त्याचा सिद्धांत पुढें सर्वमान्य झाला व १९०३ सालीं त्याला नोबेल पारितोषिक मिळालें. प्रयोगशाळेंतील कांचपात्रांत सिद्ध झालेली ही गोष्ट जिवंत शरीरांतहि तितकीच खरी आहे. रक्त हें एका अर्थीं मोजूनमापून केलेलें खारें पाणीच होय.

हें माप किती काटेकोर असतें, याचा शोध लंडनमध्यें एका चुकींतून लागला. सिडनी रिंगर नांवाचा डॉक्टर बेडकाचें हृदय शरीराबाहेर मिठाच्या पाण्यांत ठेवून त्याच्या ठोक्यांचा अभ्यास करीत असे. १८८२ सालीं त्यानें असें प्रसिद्ध केलें कीं, अशा पाण्यांत हृदय चांगलें चालतें. परंतु पुढें त्याला असें आढळलें कीं, तें पाणी शुद्ध ऊर्ध्वपातित पाण्यापासून केलेलें नसून साध्या नळाच्या पाण्यापासून केलेलें होतें. शुद्ध पाणी वापरतांच हृदय थोड्या वेळांत मंद होऊन थांबूं लागलें. नळाच्या पाण्यांत जो किंचित् चुन्याचा, म्हणजे कॅल्शिअमचा, अंश होता तोच हृदयाला चालवीत होता. रिंगरनें १८८३ सालीं आपली पूर्वीची समजूत चुकीची होती असें मोकळेपणानें कबूल केलें, व सोडिअम, पोटॅशिअम आणि कॅल्शिअम हीं तिन्ही योग्य प्रमाणांत असल्यावांचून हृदय नीट चालत नाहीं, हें दाखवून दिलें. आपली चूक जगापुढें मांडल्यामुळेंच त्याचें नांव आजहि सलाईनच्या बाटलीवर वाचावयास मिळतें.

आतां स्नायु कसा हालतो तें पाहूं. इटलींतील बोलोन्या येथील गॅल्वानी या पंडितानें मेलेल्या बेडकाच्या पायाला विजेचा स्पर्श होतांच तो झटका देतो, असें पाहून १७९१ सालीं त्याविषयीं ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यावरून स्नायु व वीज यांचा संबंध आहे एवढें कळलें. परंतु ही वीज शरीरांत कोठून येते हें समजण्यास दीडशें वर्षें लागलीं. प्रत्येक पेशीच्या भोंवतीं एक अतिशय पातळ पडदा असतो. पडद्याच्या आंत पोटॅशिअम फार व सोडिअम थोडें. बाहेर, म्हणजे रक्तांत, सोडिअम फार व पोटॅशिअम थोडें. शरीरांतील शेंकडा पंचाण्णवांहून अधिक पोटॅशिअम पेशींच्या आंतच असतें. या विषमतेमुळें पडद्याच्या दोन बाजूंमध्यें विजेचा दाब उत्पन्न होतो. स्नायूच्या पेशींत तो एका व्होल्टाच्या सुमारें अकराव्या हिश्शाइतका, म्हणजे अदमासें ९० मिलिव्होल्ट असतो.

मज्जातंतूचा संदेश म्हणजे हा दाब क्षणभर उलटणें होय. पडद्यांत बारीक दारें असतात. संदेश येतांच सोडिअमचीं दारें उघडतात, सोडिअम आंत शिरतें. लगेच तीं दारें मिटून पोटॅशिअमचीं उघडतात, पोटॅशिअम बाहेर जातें व दाब पूर्ववत् होतो. हें सारें एका सेकंदाच्या कांहीं सहस्रांश भागांत घडतें. हॉजकिन व हक्स्ली या दोघां इंग्रज शास्त्रज्ञांनीं ज्याला आपल्या कोंकणांत माकूळ म्हणतात त्या जातीच्या सागरी प्राण्याच्या जाड मज्जातंतूवर प्रयोग करून १९५२ सालीं ही क्रिया गणितानें मांडून दाखविली. आंत-बाहेर झालेले कण पुन्हां ज्याच्या त्याच्या जागीं नेऊन ठेवणारा एक पंपहि पडद्यांत असतो. तो एका फेऱ्यांत सोडिअमचे तीन कण बाहेर काढतो व पोटॅशिअमचे दोन आंत घेतो. १९५७ सालीं डेन्मार्कमधील येन्स स्कौ यानें खेंकड्याच्या पायांतील मज्जातंतूंत त्याचा शोध लावला, व त्याबद्दल १९९७ सालीं त्याला नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला. आपण निजलेलों असतांनाहि शरीराच्या शक्तीचा मोठा भाग हा पंप चालविण्यांतच खर्च होत असतो.

क्षार कमी झाले तरी अशक्तपणा आणि वाढले तरी अशक्तपणा, हें कोडें आतां उलगडतें. धनुष्याचें उदाहरण घेऊं. दोरी फार ताठ बांधली तर ती ओढवत नाहीं. सैल सोडली तर ओढूनहि बाण जात नाहीं. रक्तांतील पोटॅशिअम उतरलें म्हणजे पडद्यावरील विजेचा दाब वाढून दोरी ताठ होते. मज्जातंतूनें हांक मारली तरी स्नायु उठत नाहीं. पोटॅशिअम चढलें म्हणजे तो दाब ओसरतो, सोडिअमचीं दारें एकदां उघडून मिटलीं तीं पुन्हां उघडण्यास तयारच होत नाहींत, आणि दोरी सैल पडते. दोन्ही प्रसंगीं प्राणी जमिनीवर पडून राहतो. मात्र दुसऱ्या प्रसंगीं धोका अधिक त्वरित असतो, कारण हृदय हाहि एक स्नायूच आहे.

पोटॅशिअम उतरण्याचें प्रमुख उदाहरण म्हणजे आरंभीं सांगितलेलें मांजर. म्हाताऱ्या मांजरांत मूत्रपिंडांचा जुनाट विकार फार आढळतो. मूत्रपिंडें निकामी होऊं लागलीं म्हणजे मांजर पाणी फार पितें, लघवी फार करतें, आणि त्या लघवीबरोबर पोटॅशिअम वाहून जातें. त्यांतच अन्नावरची वासना उडाली म्हणजे गेलेल्याची भरपाईहि होत नाहीं. निरोगी मांजराच्या एक लिटर रक्तद्रवांत साधारणपणें ३.५ ते ५.५ मिलिमोल पोटॅशिअम असतें. तें ३ च्या खालीं गेलें म्हणजे अशक्तपणा दिसूं लागतो. कुत्र्याच्या मानेंत डोकें तोलून धरणारा एक बळकट बंध असतो. तो मांजराला नाहीं. त्याचें डोकें सर्वस्वीं स्नायूंच्या बळावर उभें असतें, म्हणून स्नायु दुबळे होतांच प्रथम मान पडते. अमेरिकेंतील कोलोराडो येथील पशुवैद्यकांनीं १९८७ सालीं या विकाराचें सविस्तर वर्णन प्रसिद्ध केलें. तयार खाद्यांत पोटॅशिअम अपुरें असणें हेंहि एक कारण असल्याचें त्या सुमारास उघडकीस आलें, व खाद्य बनविणाऱ्यांनीं तें प्रमाण वाढविलें.

कांहीं मांजरांत हा दोष वंशपरंपरेनें येतो. बर्मीज जातीच्या कांहीं कुळांत दोन ते सहा महिन्यांच्या पिलांना मधूनमधून असे झटके येतात. मान पडते, पाय ताठ व लटपटीत होतात, आणि थोड्या काळानें तें पिलूं पुन्हां खेळूं लागतें. मूत्रपिंडांतून पोटॅशिअमची गळती होऊं देणारा हा दोष नेमका कोणत्या जनुकांत आहे हें २०१२ सालीं निश्चित झालें. आतां रक्ताच्या किंवा लाळेच्या तपासणीवरून दोषी जनुक बाळगणारें मांजर ओळखतां येतें, व अशा जोड्या टाळतां येतात.

याच्या अगदीं उलट चित्र कुत्र्यांतील एका रोगांत दिसतें. मूत्रपिंडांजवळ दोन लहान ग्रंथि असतात. त्यांना अधिवृक्क ग्रंथि म्हणतात. सोडिअम शरीरांत राखावें व पोटॅशिअम लघवीवाटे टाकावें, असा हुकूम मूत्रपिंडांना देणारा रस त्या तयार करतात. या ग्रंथि झिजल्या म्हणजे सोडिअम निघून जातें व पोटॅशिअम सांचत जातें. लंडन येथील गाइज रुग्णालयांतील थॉमस ॲडिसन यानें १८५५ सालीं मनुष्यांत वर्णिलेला हा रोग त्याच्याच नांवानें ओळखला जातो. कुत्र्यांत तो बहुधा तरुण व मध्यम वयांत, आणि माद्यांत अधिक, आढळतो. त्याची फसवणूक अशी कीं, लक्षणें येतात व जातात. चार दिवस कुत्रें खात नाहीं, ओकतें, थरथरतें, मागचे पाय ओढतें. सलाईन लावलें कीं टवटवीत होतें. घरचीं माणसें निश्चिंत होतात. मग एखाद्या प्रवासाचा, पाहुण्यांचा किंवा फटाक्यांचा ताण पडतांच तें एकाएकीं कोसळतें. निरोगी कुत्र्याच्या रक्तांत सोडिअम पोटॅशिअमच्या साधारण २७ ते ४० पट असतें. हें गुणोत्तर २७ च्या खालीं उतरलें म्हणजे पशुवैद्याला संशय येतो. तेवढ्यावरून मात्र रोग सिद्ध होत नाहीं. आंतड्यांतील एका जातीच्या कृमींमुळेंहि असें गुणोत्तर बिघडतें. म्हणून ग्रंथींची निराळी परीक्षा करावी लागते. रोग सिद्ध झाल्यास नित्याच्या औषधावर हें कुत्रें पुष्कळ वर्षें सुखानें जगतें.

बोक्यांच्या बाबतींत एक प्रसंग सर्वांनीं माहीत करून घ्यावा असा आहे. कधीं कधीं बोक्याचा मूत्रमार्ग खड्यांनीं किंवा चिकट द्रव्यानें तुंबतो. तो पुन्हांपुन्हां लघवीला बसतो, कुंथतो, ओरडतो. घरच्यांना वाटतें त्याला मलावरोध झाला आहे. लघवी बाहेर पडत नाहीं, पोटॅशिअमहि बाहेर पडत नाहीं. एक-दोन दिवसांत बोका मलूल होऊन पडतो, हृदयाचे ठोके मंदावतात व ते थांबूं शकतात. अशा बोक्याला शांत झोप लागली आहे असें समजून दार लोटून घेणें म्हणजे त्याला मृत्यूच्या स्वाधीन करणें होय. कुंथणारा व लघवी न होणारा बोका त्याच घटकेस दवाखान्यांत नेला पाहिजे.

कॅल्शिअमचा प्रकार याहून निराळा व अधिक आश्चर्यकारक आहे. लहान चणीची कुत्री, उदाहरणार्थ पॉमेरेनियन, चार-पांच पिलांना पाजीत असते. व्याल्यानंतर पहिल्या चार आठवड्यांच्या आंत एके दिवशीं ती बेचैन होते, धापा टाकते, पिलांना दूर सारते. पाय ताठ होतात, चाल लटपटते, अंग थरथरूं लागतें, आणि पुढें झटके येतात. स्नायूंच्या या सततच्या हालचालीनें तिचा ताप १०५–१०६ अंशांवर जातो. पिलांच्या दुधांत जाणारा चुना रक्तांतून जितक्या वेगानें निघतो तितक्या वेगानें हाडांतून व अन्नांतून भरून येत नाहीं, हें याचें कारण. कॅल्शिअम हें मज्जातंतूच्या दारांवरचा पहारेकरी आहे असें म्हटलें तरी चालेल. पहारा ढिला पडतांच दारें क्षुल्लक कारणानें उघडतात व कोणी न बोलावतां स्नायु आखडूं लागतात. येथें एक विपरीत गोष्ट लक्षांत ठेवावी. गाभणपणींच कुत्रीला सढळ हातानें कॅल्शिअमचें औषध पाजलें तर हा विकार टळत नाहीं. उलट त्याची शक्यता वाढते. बाहेरून आयतें मिळत राहिल्यामुळें हाडांतून कॅल्शिअम काढण्याची शरीराची यंत्रणा आळसावते, आणि खऱ्या गरजेच्या वेळीं ती जागी होत नाहीं.

हेंच कॅल्शिअम गाईच्या रक्तांतून उतरलें तर काय होतें? आरंभीं किंचित् थरथर होऊन गाय बसते, उठत नाहीं, कान गार पडतात, आणि ती मान वळवून कुशीवर टेकते. कुत्री आखडते, गाय लुळी पडते. क्षार एक, उणीव एक, परंतु लक्षणें भिन्न. याचें कारण असें कीं, मज्जातंतूच्या टोकापासून स्नायूपर्यंत संदेश पोंचविण्यास कॅल्शिअम लागतें. गाईंत तेथेंच संदेश अडतो, कुत्रींत तो तेथें अडत नाहीं. खेड्यापाड्यांतून या रोगाला दुधाचा ताप म्हणत असले तरी त्यांत ताप बहुधा नसतोच. डेन्मार्कमधील श्मिट या पशुवैद्यानें १८९७ सालीं, कांसेंत विष उत्पन्न होतें या समजुतीनें, कांसेंत औषधी पाणी भरण्याचा उपाय काढला व अनेक गाई वांचूं लागल्या. पुढें असें दिसलें कीं, नुसती हवा भरली तरी तेवढाच गुण येतो. विष कांहींच नव्हतें. कांस फुगल्यानें दूध उतरणें थांबे व रक्तांतील कॅल्शिअम वांचे. १९२५ सालीं एडिंबरोच्या ड्रायर व ग्रेग यांनीं कॅल्शिअमच्या उणिवेची उपपत्ति मांडली, तेव्हां त्या उपायाचा खरा अर्थ कळला. उपाय बरोबर पण कारण चुकीचें, असेंहि शास्त्रांत कधीं कधीं घडतें.

राहतां राहिलें सोडिअम. त्याचा बिघाड स्नायूंपेक्षां मेंदूवर अधिक परिणाम करतो. कुत्र्यानें विषारी पदार्थ खाल्ला असतां त्याला मिठाचें पाणी पाजून ओकारी करविण्याची चाल कांहीं घरांत आहे. ती सर्वथा टाकून दिली पाहिजे. ओकारी झाली नाहीं तर तें सारें मीठ रक्तांत जातें, मेंदूच्या पेशींतील पाणी ओढून घेतें, आणि कुत्रें झोकांड्या खातें, थरथरतें व झटके येऊन मरतें. सोडिअमचा बिघाड कांहीं दिवसांचा जुना असल्यास तो दुरुस्त करतांनाहि घाई चालत नाहीं. मेंदूनें नव्या स्थितीशीं जुळवून घेतलेलें असतें. एकदम पूर्वस्थिति आणली तर मेंदूला सूज येते किंवा त्यांतील तंतूंचें आवरण नष्ट होतें. बिघाड हळूहळू झाला तर दुरुस्तीहि हळूहळूच करावी, असा येथें नियम आहे.

आतां प्रश्न असा कीं, क्षारांमुळें आलेला अशक्तपणा इतर अशक्तपणापासून निराळा कसा ओळखावा? क्षारांच्या बिघाडांत बहुधा चारी पाय व दोन्ही अंगें सारखींच दुबळीं होतात, श्रमानें दुबळेपणा वाढतो, आणि सोडिअमचा बिघाड सोडला तर बहुधा प्राणी शुद्धीवर असून ओळख देतो. एकाच अंगाचे पाय गेले, डोकें एका बाजूस कललें, किंवा प्राणी गोलगोल फिरूं लागला, तर दोष मेंदूंत किंवा कानांत शोधावा लागतो. पुढचे पाय ठीक असून मागचे दोन्ही एकाएकीं गेले आणि पाठ दुखत असली, तर कण्याच्या मणक्यांचा विचार करावा लागतो. मांजराची मान केवळ पोटॅशिअमनेंच पडते असेंहि नाहीं. ब जीवनसत्त्वाच्या एका प्रकाराची उणीव किंवा कीटकनाशकाचें विष यांमुळेंहि ती पडते. सारांश, लक्षणांवरून संशय घ्यावा. निश्चय मात्र रक्त तपासूनच करावा.

आपल्या देशांत आणखी एक धोका कधींहि विसरूं नये, तो म्हणजे पिसाळ रोग. पिसाळलेला प्राणी नेहमींच चवताळून धांवतो असें नाहीं. या रोगाच्या एका प्रकारांत कुत्रें मुकाट बसतें, खालचा जबडा लोंबतो, लाळ गळते, गिळतां येत नाहीं, आवाज बदलतो व पाय लुळे पडतात. घशांत हाड अडकलें असेल असें समजून पुष्कळ भलीं माणसें अशा कुत्र्याच्या तोंडांत हात घालतात. असें कदापि करूं नये. असा प्राणी चावला किंवा त्याची लाळ जखमेला लागली तर ती जागा साबण व वाहत्या पाण्यानें निदान पंधरा मिनिटें धुवावी आणि त्याच दिवशीं दवाखान्यांत जाऊन लस टोंचून घ्यावी. लक्षणें दिसूं लागल्यावर या रोगावर उपाय बहुतेक नाहींच. पूर्वीं घेतलेली लस हाच खरा उपाय.

पशुवैद्याच्या हातीं या विकारांचीं साधनें आज चांगलीं आहेत. रक्ताच्या थोड्याशा थेंबांवरून सोडिअम, पोटॅशिअम व कॅल्शिअम कांहीं मिनिटांत मोजतां येतात; हृदयाच्या विजेच्या आलेखावरून पोटॅशिअम चढल्याची सूचना मिळते. उणीव असेल तर क्षार पोटांतून किंवा शिरेंतून देतात. परंतु शिरेंतून पोटॅशिअम देतांना तासाला वजनाच्या दर किलोमागें अर्ध्या मिलिमोलहून अधिक वेग ठेवूं नये, असा सामान्य नियम आहे. आणि कुत्रीला कॅल्शिअम देतांना तें सावकाश, हृदयाचे ठोके ऐकत ऐकत द्यावें लागतें. मॅग्नेशिअम उणें असेल तर कितीहि पोटॅशिअम दिलें तरी तें लघवीवाटे निघून जातें, म्हणून तेंहि पाहावें लागतें. जें औषध इतक्या जपून द्यावयाचें, तें घरच्या घरीं चमच्यानें अंदाजे देणें किती धोक्याचें आहे, हें वेगळें सांगावयास नको. शहाळ्याचें पाणी पौष्टिक खरें. पण त्यांत पोटॅशिअम भरपूर असतें, आणि मूत्रमार्ग तुंबलेल्या बोक्याला तें विषासमान होय. जलसंजीवनीच्या पुडीचीहि तीच गोष्ट.

मग घरच्यांनीं करावें तरी काय? त्यांचें काम औषध देण्याचें नसून पाहण्याचें आहे, आणि तें काम दुसरा कोणीहि करूं शकत नाहीं. प्राणी किती पाणी पितो, लघवी किती व केव्हां होते, ओकारी किंवा हगवण आहे काय, काल किती खाल्लें, उडी कधींपासून बंद झाली, पिलें किती दिवसांचीं आहेत, घरांत कोणतें विष किंवा औषध उघडें होतें, हें कागदावर तारीखवार लिहून तो कागद पशुवैद्यापुढें ठेवावा. डॉक्टरला प्राणी पांच मिनिटें दिसतो; आपल्याला तो दिवसभर दिसतो. झटके येणाऱ्या कुत्रीचीं पिलें लगेच तिच्यापासून दूर करावीं व तिला तत्काळ दवाखान्यांत न्यावें. गळून पडलेल्या प्राण्याला बळेंच पाणी किंवा दूध पाजूं नये. गिळण्याचे स्नायु दुबळे असतात, तें फुप्फुसांत जातें. मुंबईस परळ येथें १८८६ सालीं पशुवैद्यक महाविद्यालय निघालें, आणि आज जिल्ह्याजिल्ह्यांत व पुष्कळ तालुक्यांच्या गांवीं जनावरांचे सरकारी दवाखाने आहेत. तेव्हां निदान वाट तरी सर्वांना मोकळी आहे.

बायबलांतील नीतिसूत्रांच्या कर्त्यानें नीतिमान् मनुष्य ओळखण्याची एक खूण सांगितली आहे, ती ही कीं तो आपल्या जनावराच्या जिवाची काळजी वाहतो. मुक्या प्राण्याला “मला मान उचलवत नाहीं” असें सांगतां येत नाहीं. तो फक्त मान खालीं घालून बसतो. तें पाहून रुसवा, वार्धक्य किंवा नजर यांवर भार टाकून आपण उठून गेलों, तर खाल्ल्या मिठाला जागण्याचा धडा त्याच्याकडून आपण शिकलों नाहीं असेंच म्हणावें लागेल. आपल्या घरचें मांजर आज फडताळावर उडी मारूं शकलें काय, एवढें तरी विद्यार्थिमित्रांनीं आज घरीं गेल्यावर पाहावें.